पिकअपला बॉडी लिफ्ट की सस्पेन्शन लिफ्ट? (पांदण काळ्या मातीची)

संत्रीवाला_काटोल
नमस्कार मंडळी. राहतो नागपुरात, मानेवाड्याकडे. वावर काटोलच्या पलीकडे, डांबरी सोडल्यावर दीडेक किलोमीटर पांदण. संत्र्याची बाग आहे. गाडी दुहेरी केबिनचा व्ही-क्रॉस, फोर बाय फोर, पुढे कॉइल स्प्रिंग नि मागे पाटे (लीफ स्प्रिंग). टायर मूळ मापाचेच, २४५/७० आर १६.

उन्हाळ्यात काही त्रास नाही. पाऊस लागला की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल होतात, मधला उंचवटा तसाच राहतो आणि गाडी खालून घासते. एक गॅरेजवाला म्हणतो दोन इंचाचा बॉडी लिफ्ट करा, परवा गाडी न्या. दुसरा म्हणतो तो नुसता देखावा, सस्पेन्शन उचला. दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या जवळपास चौपट. दोघंही आपल्याकडे जे आहे तेच विकणार, म्हणून इथे विचारतोय. टायरही जरा मोठे घालायचे मनात आहे.

ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. न केलेल्यांनीही लिहा, नाहीतर धागा चालायचा नाही.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, लिफ्टच पाहिजे तर धरमपेठेत फ्लॅट घे ना. जनरेटर बॅकअपसकट भेटते.

गोंडखैरी_गॅरेज
आधी दोन्हींत काय होतं ते सांगतो, मग भांडू.

बॉडी लिफ्टमध्ये चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, हौसिंग (मागच्या अॅक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा) सगळं जिथल्या तिथे राहतं. केबिन ज्या रबरी माउंटवर बसलेली असते तिथे मधे ठोकळे घालतात आणि बोल्ट लांब टाकतात. हौदाही तेवढाच उचलावा लागतो. ठोकळे नायलॉनचे किंवा अॅल्युमिनियमचे. आपल्याकडे बरेच जण नायलॉन रॉड आणून लेथवर कापून घेतात. यानं चाकाच्या वर, मडगार्डखाली जागा वाढते. पोटाखाली एक सूतही वाढत नाही.

सस्पेन्शन लिफ्टमध्ये चेसिसच वर जातं. पुढे उंच कॉइल किंवा कॉइलवर स्पेसर, मागे जादा पाटा, लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) किंवा अॅक्सल आणि पाट्याच्या मधे ब्लॉक. इथे चेसिस, इंजिनखालची प्लेट, गिअरबॉक्स, डिझेल टाकी, सगळं वर जातं.

पण मागचा अॅक्सल या दोन्हींत वर जात नाही. हौसिंगचा गोळा जमिनीपासून जेवढा होता तेवढाच राहतो, कारण तो चाकांवर उभा आहे. त्याला वर न्यायला टायरच मोठा लागतो, आणि टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मंच पदरात पडतं. २४५/७० चा व्यास साधारण ७४९ मिमी, २६५/७० चा ७७७. फरक २८, हौसिंग वर गेलं १४ मिमी.

म्हणून पहिला प्रश्न: घासतंय नेमकं काय?

संत्रीवाला_काटोल
खालून घासतं. मागच्या बाजूला आवाज येतो. वाकून कोण बघतो चिखलात.

जीपवेडा
वाकूनच बघावं लागतं. नाहीतर काकडीची कोशिंबीर करायला कांदा चिरत बसाल.

आमच्या वेळी एमएम ५४० ला 'स्प्रिंग ओव्हर' करायचे. पाटे मुळात अॅक्सलच्या खाली असत, ते कापून वेल्डिंग करून अॅक्सलच्या वर आणायचे. एका फटक्यात जीप पाच इंच वर. जीप दिसायची झकास. मग कळायचं की प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडलाय, शाफ्टचा क्रॉस (सांधा) दर काही महिन्यांनी जातोय, आणि जोरात रेस दिली की अॅक्सल स्वतःभोवती पिळतोय. तो पिळ थांबवायला वेगळा बार लावायचा. त्या बारला जागा नसायची म्हणून एक्झॉस्ट हलवायचा. तिथून पुढे रविवार सगळे गॅरेजात.

तेव्हा मजा होती हो. आता कंबर बोलते.

दख्खनची_राणी
पुण्याहून विचारतेय. नागपुरात डोंगर कुठे आहेत एवढी गाडी उचलायला?

वऱ्हाडी_ठेचा
@दख्खनची_राणी सेमिनरी हिल्स नाव ऐकलं नाई का? हिल्स आहे त्यात, अनेकवचनात.

गोंडखैरी_गॅरेज
@दख्खनची_राणी डोंगरात गाडी उचलणं सोपं, ताई. दगड दिसतो. काळी माती दिसत नाही. वरून वाळल्यासारखी असते, आत लोणी.

भिवापुरी_मिरची
मी बॉडी लिफ्टच्या बाजूनं लिहितो, कारण त्याला फुकटच्या शिव्या बसतात.

माझ्या पिकअपला दोन इंच बॉडी लिफ्ट आहे. बाकीचं काही हललेलं नाही. पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट (वाकणारे सांधे) कंपनीनं ठरवलेल्या कोनातच फिरतात. कॅम्बर, कॅस्टर, म्हणजे चाकांचे कोन, जसेच्या तसे. गाडीची चाल बदललेली नाही. इंजिन-चेसिसचं जड वजन खालीच असल्यानं वळणावर झोकही फार वाढला नाही. नको झालं तर ठोकळे काढून परत खाली आणता येते. स्वस्त आहे म्हणून वाईट असं नसतं.

फक्त काम नीट करून घ्यावं लागतं. स्टिअरिंगची दांडी तेवढी लांब पडते का ते बघायचं, कमी पडली तर जोडतुकडा घालायचा. रेडिएटर बॉडीबरोबर वर गेला आणि पंखा इंजिनावरच राहिला तर पंखा आवरणाला लागतो, ते आवरण खाली घ्यायचं. डिझेल भरायच्या नळीला ताण येतो, अर्थिंगची वायर आखडते, फोर बाय फोरचा दांडा खाचेला अडतो. पुढचा बंपर चेसिसला असतो, त्यामुळे बॉडी आणि बंपरमध्ये फट दिसते. मी तिथे रबराची पट्टी मारली आहे.

आणि बोल्ट. दुकानातले साधे बोल्ट चालत नाहीत, हाय टेन्साइल पाहिजेत. जुन्या गाडीचे माउंटचे बोल्ट गंजलेले असतात, काढताना तुटतात, मग परवा म्हटलेली गाडी पंधरवड्यानं मिळते.

गोंडखैरी_गॅरेज
@भिवापुरी_मिरची मान्य. पण त्याची गाडी खालून घासते. मडगार्डात जागा वाढवून खालचं घासणं कसं थांबेल?

भिवापुरी_मिरची
मोठा टायर बसेल ना. टायर बसला की सगळंच वर.

गोंडखैरी_गॅरेज
सगळंच वर, १४ मिमी. करंगळीची जाडी. त्यासाठी अख्खी केबिन सोडवायची? आणि २६५/७० साठी बऱ्याचदा लिफ्ट लागतच नाही, मडफ्लॅप नि आतलं प्लास्टिक थोडं मागे घेतलं की बसतो. त्याहून मोठा घातला तर पूर्ण वळवल्यावर आतल्या बाजूला चेसिसला घासतो. बॉडी वर गेली म्हणून चेसिस बाजूला सरकत नाही. तिथे रिमचं ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, बदलावं लागतं.

विधिज्ञ_४९
सगळे बोल्टवर बोलत आहेत, कायद्यावर कोणीच नाही, म्हणून.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ₹५,००० दंड, किंवा दोन्ही.

मला वैयक्तिक विचाराल तर दंडापेक्षा विम्याची भीती जास्त. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकतोच. ठोकळे दिसले की दावा लांबला. समोरचा जखमी असेल तर विषय आणखी वाढतो. टायरसुद्धा कंपनीनं त्याच मॉडेलला दिलेल्या मापांतलाच घ्या असं मी सांगेन.

वऱ्हाडी_ठेचा
प्रत्येक बदलामागे ₹५,०००? म्हणजे जीपवेडा काकांवर आतापर्यंत एक फ्लॅट निघते. लिफ्टवाला.

जीपवेडा
मी काहीही लिहिलेलं नाही. माझा आयडी हॅक झाला होता.

मधुरा_त्रिमूर्तीनगर
मी थार चालवते, मूळ उंचीची. घरच्या अनुभवाचं सांगते, कारण हे कोणी लिहीत नाही. दिरांनी त्यांची गाडी उचलून घेतली तेव्हापासून सासूबाई त्या गाडीत बसत नाहीत. आधी पायरीवर पाय ठेवून कशाबशा चढायच्या, आता गुडघा तेवढा वाकतच नाही. बागेत मजूर बायकाही गाडीतून येत असतील ना? हौद्यात खताची पोती टाकणाऱ्या माणसालाही विचारा. दोन इंच लिहायला दोन शब्द आहेत, दिवसभर पोती उचलणाऱ्याला ते कळतात.

आणखी एक. पुढून गाडी वर गेली की हेडलाइटही वर बघतात. दिरांच्या गाडीला समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारायचा. लाइट खाली करून घ्यायला कोणत्याच मेकॅनिकनं आपणहून सांगितलं नाही.

संत्रीवाला_काटोल
@मधुरा_त्रिमूर्तीनगर हे खरंच डोक्यात नव्हतं. आई महिन्यातून एकदा तरी बागेत येते.

@विधिज्ञ_४९ वकीलसाहेब, घाबरवलंत.

रानवाट
सस्पेन्शनवाल्यांनीही फार हुरळू नये. माझ्याकडे जुनी थार सीआरडीई होती, पुढे टॉर्शन बारवाली (स्प्रिंगऐवजी पिळणारी दांडी). मित्राच्या ओळखीतल्या मिस्त्रीनं 'काही पार्ट लागत नाही, फुकटात उचलून देतो' म्हणून टॉर्शन बारचे बोल्ट आवळले. पुढून गाडी वर आली, फोटो छान आले. पण सस्पेन्शनला खाली लोंबायला जागाच उरली नाही. प्रत्येक खड्ड्यात टक्कन आवाज. सीव्ही जॉइंटचं रबर फाटलं, ग्रीस सगळीकडे. टायर आतून खाऊन गुळगुळीत.

सगळ्यात वाईट म्हणजे समृद्धीवर. कॅस्टर कमी झाल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, गाडी भटकते. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे, मी ८० च्या वर जायला घाबरत होतो. शेवटी बोल्ट सैल करून पूर्वीच्या उंचीला आणली.

कॉइलवाल्या गाडीत नुसता स्पेसर टाकला तरी याच जातीचा त्रास, प्रमाण कमी. दोन इंचांच्या आसपास गेलात तर वरचा कंट्रोल आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा हात) बदलावा लागतो, अलाइनमेंट तर लागतेच. ब्रेकच्या नळ्या पूर्ण लोंबल्यावर ताणतात का तेही बघावं. चौपट खर्च उगाच नाही. जो चौपटपेक्षा कमी सांगेल त्याच्याकडे यातलं काय वगळलंय ते विचारा.

काळी_कसदार
तुम्ही सगळे उंचीवर बोलून राह्यले. मी बी काटोल तालुक्यातलाच. आपली काळी माती भिजली की फुगते नि टायरच्या खाचांत अशी भरते की दहा फुटांत एमटी (चिखलासाठीचा, मड-टेरेन) टायर बी टकला होते. मग गाडी चार इंच उचला का चाळीस, चाकं जाग्यावर फिरतेत. आमच्याकडं लोक हवा कमी करतेत, वीसेक पीएसआयपर्यंत, हळू चालवतेत, नि डांबरीवर आल्यावर भरून घेतेत. थो छोटा कंप्रेसर गाडीतच ठेवायचा.

नि खरं सांगू का राजेहो? लिफ्टच्या पैशात मुरूम टाका ना पांदणीत. चाकोऱ्याच भरून जातीन. शेजारचे वावरवाले बी अर्धे पैसे देतीन, त्याहिले बी जायचंच हाय. सरकारची पाणंद रस्त्यांची योजना बी हाय, ग्रामपंचायतीत विचारून पाहा.

वऱ्हाडी_ठेचा
गाडी वर नेण्याऐवजी रस्ता वर. याले म्हणतेत रोड लिफ्ट.

भिवापुरी_मिरची
शेजारचे पैसे देतीन म्हणे. @काळी_कसदार तुमच्या शेजाऱ्यांचा पत्ता द्या, आमच्या धुऱ्याले आणून बसवतो.

दख्खनची_राणी
मला एक कळलं नाही. काळ्या मातीत रुंद टायर चांगला की अरुंद? इथे दोन मतं ऐकलीत.

जीपवेडा
@दख्खनची_राणी दोन्ही मतं खरी, चिखल वेगळा. खाली कडक थर असेल तर अरुंद टायर चिखल कापत त्या थरापर्यंत जातो नि पकडतो. जुन्या जीपचे टायर बघा किती बारीक. खाली थरच नसेल, सगळं लोणीच असेल, तर रुंद टायर कमी हवेवर तरंगत जातो. आमच्याकडे खाली मुरमाचा थर जवळ लागतो, उमरेडकडे काही वावरांत लागतच नाही. त्यामुळे यावर सावजीच्या ताटावर भांडणं झालेली आहेत.

वऱ्हाडी_ठेचा
सावजी कोणत्याकडचं?

रानवाट
झालं. गेला धागा.

*(मधले सावजी आणि तर्री-पोह्यांचे प्रतिसाद खाद्यविभागात हलवले आहेत. — व्यवस्थापक)*

संत्रीवाला_काटोल
रविवारी गेलो होतो बागेत. @गोंडखैरी_गॅरेज तुमचं ऐकून टेप नेला आणि ताडपत्री टाकून खाली झोपलो. पोरगा फोटो काढत होता, त्याची वेगळी करमणूक.

हौसिंगवर ओरखडेच नाहीत. इंजिनखालची प्लेट स्वच्छ. घासतेय ती स्टेपनी. हौद्याखाली मागे लटकवलेली असते ना, तिच्या मागच्या कडेला चिखल, गवत, सगळं चोपडलेलं.

मग आठवलं, पावसाळ्यात फवारणीसाठी २०० लिटरचे दोन ड्रम भरून नेतो. पांदणीच्या तोंडाशी विहीर आहे, तिथेच भरतो आणि उतरवायला सोपे म्हणून हौद्याच्या दारापाशी ठेवतो. तसंच करून मोजलं. रिकाम्या गाडीत स्टेपनीखाली ३४ सेंमी. दोन्ही ड्रम भरून दारापाशी: २५. तेच ड्रम पुढे केबिनला टेकवले: २९.

गोंडखैरी_गॅरेज
आता बोललात कामाचं!

दोन ड्रम म्हणजे ४०० किलो पाणीच. ते अॅक्सलच्या मागे ठेवलं की मागची बाजू दबते आणि पुढची उचलते. चार सेंमी तुम्हाला नुसते ड्रम सरकवून मिळाले, म्हणजे दीड इंचाहून जास्त, फुकट. बॉडी लिफ्टनं स्टेपनी हललीही नसती, ती चेसिसला टांगलेली आहे.

पुढचं काम: पाटे तपासा. सहा-सात वर्षांची गाडी असेल तर ते बसलेले असणार, कमान सपाट झालेली असेल. वाडीला ट्रकांचं काम करणारे कमानवाले आहेत, ते कमान मारून देतात किंवा एक जादा पाटा घालतात. यू-बोल्ट मात्र नवेच टाका, जुने पुन्हा आवळायचे नाहीत. नि काही दिवस चालवल्यावर परत एकदा आवळून घ्या.

विधिज्ञ_४९
पाटा वाढला म्हणून वाहून न्यायची परवानगी वाढत नाही. आरसीवरचं एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, त्यातून माणसंही वजा करा. दोन भरलेले ड्रम नि चार माणसं त्यात बसतात का ते बघून घ्या.

रानवाट
जादा पाट्यानं रिकामी गाडी मागून उड्या मारते हेही सांगून ठेवतो. वर्षातले बाकीचे महिने आई मागच्या सीटवर असणार.

मधुरा_त्रिमूर्तीनगर
@संत्रीवाला_काटोल मग ड्रम एक-एक करून न्या की. पांदण दीडच किलोमीटर आहे.

भिवापुरी_मिरची
मधुराताई, चिखलातून एका खेपेऐवजी दोन खेपा? चाकोऱ्या अजून खोल होतील. मी अजूनही म्हणतो, बॉडी लिफ्ट करून मोठा टायर घाला, एकदाचं काम संपवा.

गोंडखैरी_गॅरेज
@भिवापुरी_मिरची तुमच्या गाडीला केलंत, छान आहे, मी वाईट म्हणत नाही. तुम्हाला मोठा टायर घालायचा होता, मडगार्डात जागा नव्हती, बॉडी लिफ्ट बरोबर उपाय होता. यांची स्टेपनी घासते.

जीपवेडा
स्टेपनी काढून हौद्यात उभी करा, केबिनच्या मागे. पावसाळ्यापुरती. आम्ही जीपला मागच्या दारावर लावायचो, कधी घासली नाही.

संत्रीवाला_काटोल
@जीपवेडा काका, हे कोणत्याच गॅरेजवाल्यानं सुचवलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा
त्यात बिल कसं फाडणार?

संत्रीवाला_काटोल
सध्याचं ठरलंय ते सांगतो. ड्रम केबिनला टेकवून पट्ट्यानं बांधायचे, आणि भरलेले दोन असले तर गाडीत मी नि एकच माणूस. आरसी काढून बघितली, त्याहून जास्त जमत नाही. स्टेपनी पावसाळाभर हौद्यात, चोरीला जाऊ नये म्हणून साखळी. वाडीला जाऊन पाटे दाखवले. मधला एक पाटा तडकलेलाच निघाला, बाहेरून दिसत नव्हता. तो बदलतोय, बाकीच्यांची कमान मारून घेतोय, जादा पाटा घालत नाही. टायर आहेत ते झिजेपर्यंत हेच. २६५ चा विचार तेव्हा करू.

पांदणीचं बोलणं शेजारच्या दोघांशी झालं. एक तयार आहे. दुसरा म्हणतो आधी तुम्ही टाका, मग बघू.

काळी_कसदार
थो दुसरा माह्या ओळखीतला असन तं तो बघतच राहीन. एका ट्रॉलीत कितीक मुरूम येते ते पहिलं मोजून घेजा, ब्रासच्या (शंभर घनफुटांच्या) हिशोबानं भाव करजा, ट्रॉलीच्या नाही. नि मुरमाच्या सरकारी रॉयल्टीची पावती मागजा त्यालेच. रस्त्यात अडवलं तं ट्रॉलीवाला पळते नि नाव आपलं येते.

भिवापुरी_मिरची
ब्रासचा काय भाव चालू आहे सध्या तिकडे? आमच्याही पांदणीला टाकायचा आहे.